पाणी न वाढवता नाचणीची खीर पातळ करणारं मोडाचं पीठ

सहा महिन्यांपुढच्या बाळाची नाचणीची खीर निवली की खळीसारखी घट्ट होते. मग पाणी वाढवलं जातं. वाटी तेवढीच राहते, पोटात धान्य मात्र कमी जातं. मोड आलेल्या नाचणीचं चमचाभर पीठ हे काम पाणी न वाढवता करतं.

कणीस भरताना विकरं (एन्झाइम) ग्लुकोजचे रेणू जोडून पिष्टाच्या (स्टार्चच्या) लांब साखळ्या बांधतात आणि त्यांना फांद्याही फोडतात. मोड येताना त्याच साखळ्या तुटतात. अल्फा-अमायलेज हे विकर साखळीत मधेच कुठेही काप घेतं, बीटा-अमायलेज टोकाकडून माल्टोज ही साखर सुटी करतं. घट्टपणा मोडतो तो मुख्यतः अल्फामुळे.

पाव किलो नाचणी निवडून, धुऊन 10-12 तास भिजवा. मधे एकदा पाणी बदला. निथळून ओल्या पंच्यात सैल बांधा आणि दीड ते दोन दिवस पाणी शिंपडत राहा. आंबूस वास, तार किंवा बुरशी दिसली तर सगळं टाकून द्या. मोड आलेले दाणे पातळ पसरून दाताखाली कट्ट वाजेपर्यंत उन्हात वाळवा, मुळ्या चोळून पाखडा, दळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. सत्त्वासाठी भाजतात तसं हे खमंग भाजू नका. त्या उष्णतेने विकर निकामी होतं.

आता खीर. कपभर पाण्यात साध्या नाचणीचं पीठ 3 चमचे घालून पूर्ण शिजवा, कारण कच्च्या पिष्टाच्या घट्ट कणांवर अमायलेजचं फारसं चालत नाही. गॅस बंद करून खीर 65-70 अंशांवर येऊ द्या, म्हणजे बुडबुडे थांबलेले पण वाफ अजून चांगली येते आहे. मोडाचं पीठ 1 चमचा थोड्या गार पाण्यात कालवून घाला, ढवळा, 5-10 मिनिटं झाका. खीर पळीवरून सहज ओघळायला लागते. उकळत्या भांड्यात घातलं तर विकर लगेच मरतं. कोमट खिरीत ते रेंगाळतं. बहुतेकांचं इथेच चुकतं.

शेवटी पुन्हा 2 मिनिटं उकळा. ही पायरी गाळू नका: दमट कापडात मोड येताना जंतूही वाढतात आणि हे पीठ कच्चंच असतं.

पिठात जोर आहे का, हे पाहायला कॉर्नफ्लोअरची शिजवलेली पेज घ्या. नाचणीच्या गडद रंगात आयोडीनने होणारा रंगबदल दिसत नाही. मोडाचं पीठ घातल्यावर दर 2 मिनिटांनी थेंबभर पेज बशीत काढा, गार होऊ द्या आणि पाणी मिसळलेलं पोव्हिडोन-आयोडीन (जखमेवर लावायचं तपकिरी औषध) टाका. आयोडीन पिष्टाला निळं करतं, पण गरम पेजेत तो रंग मुळात उमटतच नाही, त्यामुळे घाई केली तर फसाल. निळा-काळा, मग जांभळट-तांबूस, शेवटी आयोडीनचा पिवळट तपकिरी रंग राहिला तर पीठ उत्तम. ही पेज फेकून द्या.

नाचणीऐवजी ज्वारी घेऊ नका. तिच्या कोवळ्या कोंबांत हायड्रोसायनिक आम्ल सोडणारं धुरिन असतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना विषबाधा होते ती त्यामुळेच.