न्यू जर्सीच्या वस्तीत धनुष्याने हरणाची शिकार: नव्याने उतरणाऱ्यांसाठी

कोर्स झालाय, लायसन्स खिशात आहे, वीस यार्डांवरून कागदी प्लेटमध्ये बाण बसतायत, असं धरून लिहितोय. तिथपर्यंत पोचवणारे पुष्कळ भेटतात. वस्तीत शिरल्यावर काय होतं ते मात्र कुणी सांगत नाही. मला तरी कुणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं न्यू जर्सीपुरतं आहे. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात नियम वेगळे. भारतात तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकार हा गुन्हाच आहे, तेव्हा इथला उत्साह सुट्टीत गावी नेऊ नका. आणि घरच्यांशी वाद घालायला बसू नका. माझ्या मावशीला अजून वाटतं की मी सीतेचं हरीण आणायला निघालोय.

इथे हे का चालतं, तेवढं थोडक्यात. लांडगे आणि प्यूमा या भागातून कधीच संपले. आपल्या बागेतल्या होस्टा, ट्युलिप आणि आर्बोरव्हिटीवर हरणं पोसली जातात. सोरलँडच्या डोंगरात फिरून बघा: जुने वृक्ष उभे आहेत, पण कमरेच्या उंचीचं ओकचं रोप दिसणं मुश्कील, कारण कोवळं ते सगळं खाल्लं जातं. गाड्यांचे अपघात वेगळेच. प्रिन्स्टन गावाने २००१ मध्ये हरणं कमी करायला व्यावसायिक नेमबाज आणले तेव्हा निदर्शनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. घरांच्या गर्दीत बंदूक चालत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी धनुष्यच उरतं.

आता कामाचं. २०१० पर्यंत धनुष्यालाही लोकांच्या इमारतींपासून ४५० फूट लांब राहावं लागे. त्या वर्षी ते अंतर १५० फूट झालं आणि वस्तीतली शिकार खऱ्या अर्थाने शक्य झाली. पण १५० ते ४५० फुटांच्या पट्ट्यात तुम्ही जमिनीपासून किमान आठ फूट उंच असायला हवं, बाण खालच्या दिशेने जाऊन मातीत रुतला पाहिजे. शाळेच्या मैदानापासून मात्र ४५० फूटच. १५० फुटांच्या आत बाण जोडलेलं धनुष्य हातात घेऊन बसायचं असेल तर त्या घराच्या मालकाची लेखी परवानगी जवळ हवी. नियम दरवर्षी थोडेफार हलतात, म्हणून चालू वर्षाचं डायजेस्ट, म्हणजे राज्याची शिकारीच्या नियमांची पुस्तिका, वाचा. मित्राने सांगितलं म्हणून काही धरून चालू नका.

नवखे लोक इथे थांबतात. अंतर मोजलं, मालकाची सही घेतली, मचाण बांधलं, झालं. मीही थांबलो होतो, आणि पुढचा सगळा खटाटोप त्यातूनच शिकलो.

हिशेब करून बघा. फुप्फुसांतून आरपार बाण गेलेलं हरीणही जागेवर पडत नाही. काही सेकंदांतच संपतं, पण त्या सेकंदांत ते पन्नास ते दीडशे यार्ड पळतं. आता अर्ध्या एकराचा प्लॉट घ्या. चौकोनी धरला तर एक बाजू साधारण १४८ फूट, म्हणजे जेमतेम ४९ यार्ड. शंभर यार्ड पळणारं हरीण दोन कुंपणं ओलांडून तिसऱ्याच्या लॉनवर पडणार. तुम्ही म्हणाल, माझ्याकडे पाच एकर आहेत. पाच एकरांच्या चौकोनाची बाजू १५६ यार्ड. बरोबर मध्यावर बसलात तरी सीमा ७८ यार्डांवर. म्हणजे बाण अगदी उत्तम लागला, तरी हरीण दुसऱ्याच्या हद्दीत मरण्याची शक्यता निम्म्याहून जास्त धरून चाला. बाण वाईट लागला तर विचारूच नका.

आणि त्या दुसऱ्याच्या हद्दीत तुम्हाला पाऊल टाकता येत नाही. जखमी हरणाच्या मागावर आहात, रक्त समोर दिसतंय, हरीण दिसतंय, तरीही नाही. परवानगी लागतेच.

माझं असंच झालं. एका निवृत्त जोडप्याच्या घरामागे झाडी होती, त्यांची लेखी परवानगी होती, सप्टेंबरची उबदार संध्याकाळ होती. मादी अठरा यार्डांवर आडवी उभी, बाण जिथे हवा तिथे. ती पळाली आणि दोन घरं सोडून तिसऱ्या घराच्या झोपाळ्यापाशी पडली. त्या घरात कुणी नव्हतं, नंबर कुणाकडे नव्हता. मी रस्त्यावर उभा. पोलिसांच्या साध्या नंबरवर फोन केला. ते सभ्यपणे बोलले, पण मालकाऐवजी परवानगी देणं त्यांच्या हातात नव्हतं. घरची मंडळी रात्री उशिरा परतली, आणि गाडीच्या उजेडात मुलांनी ते आधी पाहिलं. तोवर मांसही गेलं होतं, कारण त्या हवेत साफ न केलेलं हरीण आतून तापतं. कायदा कुठेच मोडला नव्हता. तरीही ती जागा हातची गेली, आणि शेजाऱ्यांनी त्या जोडप्याशी बोलणं टाकलं ते वेगळंच.

म्हणून परवानगी एकाची घेऊ नका, नकाशाची घ्या. मचाणाभोवती दीडशे यार्डांचं वर्तुळ काढा. काउंटीच्या टॅक्स नकाशावर प्लॉट दिसतात. वर्तुळात येणाऱ्या प्रत्येक दारावर जा. शिकारीची परवानगी मागू नका, एवढंच विचारा: ‘हरीण तुमच्याकडे येऊन पडलं तर उचलायला येऊ का? आणि कुठल्या नंबरवर फोन करू?’ बहुतेक जण हो म्हणतात, कारण त्यांचीही बाग खाल्ली गेलेली असते. कुणी नाही म्हटलं तर हुज्जत घालू नका, मन वळवत बसू नका. मचाण त्या घरापासून दूर सरकवा. दोन बाजूंनी नकार आला तर ती जागा सोडा, मग तिथून दिवसाला कितीही हरणं जावोत.

आणि नकार देणारा वाईट माणूस असेलच असं नाही. आपल्याच मंडळातले कितीतरी लोक नकार देतील, त्यात जैन असतील, माळकरी असतील. नमस्कार करून निघा.

बाणाबद्दल एकच आकडा डोक्यात ठेवा. सेकंदाला २८० फूट वेगाने जाणारा बाण वीस यार्डांवर पोचायला सुमारे ०.२१ सेकंद घेतो. दोरीचा आवाज ०.०५ सेकंदात पोचलेला असतो. मधल्या वेळात सावध हरीण उडी घ्यायला खाली दबतं आणि बाण पाठीच्या वरच्या भागात लागतो किंवा वरून जातो. तीस यार्डांवर त्याला याहून दीडपट वेळ मिळतो. जंगलात चुकलेला बाण पानांत हरवतो. इथे तो कुणाच्या तरी गॅरेजच्या दिशेने निघालेला असतो. म्हणून वस्तीत वीस यार्ड ही माझी शेवटची मर्यादा, आणि हरीण आडवं किंवा किंचित पलीकडे वळलेलं असेल तरच. मान वर करून तुमच्याकडे बघत असेल तर धनुष्य उतरवा. पन्नास यार्डांवरून मारणाऱ्यांचे व्हिडिओ मला सहन होत नाहीत. त्यातले फसलेले बाण कुणी दाखवत नाही.

क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखं खांद्याला लावून चाप ओढायचं धनुष्य, इथे कायदेशीर आहे आणि शिकायला सोपा आहे. पण लोक तो सरावातून सूट म्हणून घेतात, हे मला खटकतं. आवाजही मोठा. वासाचे स्प्रे, महागडे कपडे यांवरचे पैसे वाचवा आणि चांगला हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा, घ्या. मचाणावर चढताना-उतरताना माणसं पडतात, त्यामुळे जमिनीपासूनच दोराला जोडलेले राहा आणि धनुष्य नंतर वर ओढून घ्या. यावर चर्चा नको.

बाण सोडल्यावर थांबणं सगळ्यात जड जातं. बाण शोधा, बघा. फेसाळ, गुलाबीसर रक्त म्हणजे फुप्फुस. अर्धा तास थांबा. गडद लाल असेल तर बहुधा यकृत. चार तास तरी. हिरवट घाण आणि वास आला तर पोटात लागलाय. आठ तास किंवा त्याहून जास्त. लगेच मागे धावलात तर हरीण उठून आणखी चार बॅकयार्ड पार करेल. वस्तीत हे आठ तास फार वाईट असतात, कोयोट (इथले कोल्हे म्हणा) आहेत, सकाळी शाळेची बस आहे. तरी थांबावंच लागतं. म्हणूनच त्या शेजाऱ्यांचे नंबर.

गुरू निवडताना भिंतीवर शिंगं किती आहेत ते बघू नका. वस्तीत हरणं कमी करायची तर माद्या माराव्या लागतात; काही झोनमध्ये आधी बिनशिंगाचं हरीण घेतल्याशिवाय नर घेताच येत नाही. ज्याने मला शिकवलं त्या म्हाताऱ्याने पहिल्या संध्याकाळी मला धनुष्याशिवाय मचाणावर बसवलं. कुत्रा घेऊन कोण कधी जातं, मुलं कुठून शॉर्टकट मारतात, एवढंच लिहून आणायला सांगितलं. तेव्हा राग आला होता. आता मी नवीन येणाऱ्याकडून हेच करून घेतो.

लोकांच्या डोळ्यांवर येऊ नका, पण विचारलं तर खरं सांगा. छापील जंगली कपडे घालून वावा दुकानात कॉफी घ्यायला जाऊ नका. मालक सांगेल तिथेच गाडी लावा. हरीण ताडपत्रीत गुंडाळून न्या, आतडी कुणाच्या लॉनकडेला टाकू नका, घरी आणा आणि नीट विल्हेवाट लावा. फोटो ग्रुपवर टाकू नका. शिकारीची नोंद त्याच दिवशी करा. संध्याकाळी घरी येऊन गोचीड तपासा, त्यांच्या चाव्याने होणारा लाइम आजार इथे थट्टेवारी नेण्याची गोष्ट नाही.

नोव्हेंबरच्या पूर्वार्धात नर माद्यांच्या मागे वेडे असतात आणि दिवसाही फिरतात. नेमकी त्याच सुमारास कधीकधी दिवाळी येते. माझं ऐकाल तर फराळाला घरी थांबा; हिवाळी सीझन जानेवारीतही असतो आणि पानगळ झाल्यावर शेजारची घरं, माणसं, सगळं स्वच्छ दिसतं. पहिल्या वर्षासाठी तोच बरा.

मांसाला चरबी जवळजवळ नसते, आणि असते ती मेणचट, काढून टाका. मटणासारखं तासभर शिजवलं तर मांडीचं मांस दोरखंड होतं. खांदा आणि मान कुकरला लावून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात रस्सा करा; पाठीचा पट्टा हळद-मीठ-लसूण लावून तव्यावर झटकन परता, मधे गुलाबी असतानाच काढा. जास्त झालं तर ‘हंटर्स हेल्पिंग द हंग्री’मार्फत फूड बँकेला देता येतं. ज्या शेजाऱ्यांना चालतं, त्यांना एक पॅकेट आधी.

आणि दारं ठोठवायची ती मे-जूनमध्ये, बागेतली पहिली फुलं खाल्ली गेली की. ऑगस्टमध्ये अर्धी घरं सुट्टीवर असतात, आणि सप्टेंबरमध्ये गेलात तर माणूस हातातल्या बाणांकडे बघूनच उत्तर देतो.