गल्लीत शिरणारी, चढ काढणारी, गंजाला टिकणारी: कोकणात मालाचा टेम्पो घेताना

मालवाहू गाडी बघायला गेलं की शोरूममध्ये पहिला प्रश्न येतो, "किती टनाची हवी?" कोकणातल्या शहरात तो प्रश्न दुसरा यायला हवा. पहिला प्रश्न, गाडी कुठल्या गल्लीत न्यायची आहे. मी रत्नागिरीत किराणा आणि खाद्यतेलाची एजन्सी चालवते. आमचा माल वर मारुती मंदिर, साळवी स्टॉपपासून खाली रामआळी, राजिवड्यापर्यंत दुकानादुकानांत जातो. गाड्या निवडायचं काम माझ्याकडेच असतं, म्हणून हे लिहिते आहे.

टेप घेऊन तुमच्या गिऱ्हाइकांपैकी सगळ्यात अडचणीच्या दुकानापर्यंत चालत जा. रस्ता कागदावर केवढाही असो, एका बाजूला उभ्या दुचाक्या, दुसऱ्या बाजूला जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि मध्ये गटारावरची लादी एवढं सोडून उरतं ते मोजा. वळण असेल तिथे जास्त वेळ थांबा, कारण गाडी सरळ रस्त्यात अडत नाही, वळणात अडते. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, साधारण 3.8 मीटर लांब आणि दीड मीटर रुंद. मारुतीची सुपर कॅरीही जवळपास तेवढीच. बोलेरो पिकअपला पुढे नाक आहे, ती पाच मीटरच्या आसपास जाते आणि वळायला मोठा घेर घेते. नाकवाल्या गाडीचं इंजिन बॉनेटखाली हाताशी मिळतं, मेकॅनिकला ती सोयीची. पण गाडी गल्लीच्या तोंडाशी राहिली तर तेलाचे डबे आणि साखरेची पोती हमालाच्या पाठीवरून आत जातात, आणि पावसात ओल्या लादीवरून पन्नास किलो घेऊन चालणारा माणूस पडला तर काय, हा विचार गाडी घेणाऱ्यानेच करायचा असतो.

आता वजन. छोटा हत्ती पाऊण टनाच्या आसपासचा. अशोक लेलँडची दोस्त, टाटाची इंट्रा, बोलेरो पिकअप या गाड्यांत मॉडेलप्रमाणे एक ते दीड टन आणि वरही मिळतं. पाऊण टन म्हणजे साखरेची पंधरा पोती किंवा पंधरा किलोचे तेलाचे पन्नास डबे. हे पन्नास डबे हौद्यात, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागात, पसरले की वर गाडी रिकामीच दिसते आणि "अजून वीस टाका" म्हणायचा मोह होतो. फरसाण, वेफर्स, पावाचं नेमकं उलटं: हौदा छतापर्यंत भरतो आणि वजन दोनतीनशे किलोच्या पुढे सरकत नाही. तेव्हा जड माल नेणाऱ्याने टन बघावेत, हलका माल नेणाऱ्याने हौद्याची लांबी आणि बंद बॉडीची उंची बघावी. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, गाडीचं एकूण वजन लिहिलेलं असतं. त्यात गाडी, माल, माणसं, ताडपत्री, मागाहून बसवलेली लोखंडी जाळी सगळं आलं. ओव्हरलोडला कायद्यात 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. त्याहून मोठी भीती उताराची. भरलेली गाडी वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, बाजारात उतरताना ब्रेक तापतात. दुसऱ्या गिअरमध्येच उतरवायची, न्यूट्रल कधीच नाही, हे ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगा.

म्हणून ट्रायल रिकाम्या गाडीची घेऊ नका. आपली पोती चढवा आणि नेहमीच्या सगळ्यात खड्या चढावर गाडी मध्येच थांबवून पुन्हा उचला. हँडब्रेक धरतो का, क्लचचा वास येतो का, ते तिथेच कळतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये पक्कं केलं. पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

इंधन फेऱ्यांवर ठरवा. काही बीएस-6, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांप्रमाणे बनलेल्या, डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला इंजिन बराच वेळ एका लयीत चालावं लागतं. दर दोनशे मीटरवर थांबणाऱ्या गाडीला ते मिळत नाही आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तुमची गाडी मधूनमधून पाली, लांज्यापर्यंत जाणार असेल तर डिझेल चालेल. फक्त शहरातच फिरणार असेल तर पेट्रोल किंवा सीएनजी बघा. सीएनजी घेताना टाकीचं वजन मालातून वजा होतं हे धरा, आणि पंपावरची रांग एकदा सकाळी स्वतः जाऊन बघा.

गंजाबद्दल मात्र मी कुणाचंही ऐकत नाही. समुद्राकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस गाडीला खालून खातो. नवी गाडी असली तरी पहिल्या पावसाआधी अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या पोटाला गंज अडवणारा थर, करून घ्या. हौद्याच्या तळातली पाणी जायची भोकं मोकळी ठेवा, फाळक्याच्या बिजागरीला ग्रीस, पाट्यांच्या, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या, मध्ये साचलेला चिखल आठवड्याला धुऊन काढायचा. कोटिंग करणारा घाईत चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, आतल्या कडा सोडून देतो, तेव्हा गाडी रॅम्पवर असतानाच हातातली बॅटरी (टॉर्च) घेऊन खाली जा.

जुनी घेणार असाल तर बंदरावर मासळी वाहिलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको. बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या जोडांत वर्षानुवर्षं मुरलेलं असतं आणि वरून नवा रंग मारलेला असतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चेसिस ठोकत जा. घट्ट लोखंड टणटणतं, खाल्लेलं बद्द वाजतं आणि पापुद्रे सुटतात. पाटे जिथे चेसिसला धरलेले असतात ती जागा आणि केबिनच्या पायाखालचं मॅट उचलून पत्रा बघायचाच. कोल्हापूर-सांगलीकडची, घाटावर चाललेली गाडी थोडी महाग पडली तरी खालून बहुधा कोरडी निघते. सौदा पक्का करण्याआधी आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरलाय का आणि जुनी चलनं बाकी आहेत का, हे ऑनलाइन तपासा. टोकन त्यानंतर द्या.