पुरात हवाई दलाचं हेलिकॉप्टर उतरवायला जागा कशी तयार करायची

२०१९च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या पूरग्रस्तांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी बाहेर काढलं. दूधगंगा-वेदगंगेच्या किंवा कृष्णेच्या काठी गाव असेल, तर जागा पावसाळ्याआधीच हेरून ठेवा.

हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरचा वरचा पंखाच २१ मीटरचा असतो. निदान ५० मीटर लांब-रुंद, सपाट मोकळी जागा हवी. काळ्या रानात चाकं रुततात, म्हणून मुरमाड माळ किंवा शाळेचं मैदानच बरं. मोटारपंपाच्या विजेच्या तारा वरून दिसत नाहीत. सगळ्यात मोठा धोका तोच. मधोमध फक्कीनं ३ मीटर उंच, १.८ मीटर रुंद 'एच' काढा, पावसानं धुतला की पुन्हा.

उसाचं पाचट, पत्रे, ताडपत्र्या, प्लास्टिक पार उचला. पंख्याच्या वाऱ्यानं ते उडून माणसाला किंवा यंत्रालाच लागतं. वारा जिकडे वाहतो त्या बाजूला, मैदानाबाहेर, ओल्या गवताचा धूर करा. वैमानिकाला दिशा कळते.

जवानानं खूण केल्याशिवाय कुणी हलायचं नाही. मग समोरूनच, वाकून जायचं. शेपटीकडं कधीच नाही, मागचा पंखा फिरताना दिसतच नाही! छत्री मिटलेली, टोपी-पदर घट्ट, लेकरं कडेवर.