दोन दारांची नवी कूपे की जुनी क्लासिक गाडी? भर दुपारी चालवून ठरवा

जुनी कॉन्टेसा किंवा पद्मिनी बघायला संध्याकाळच्या गारव्यात जाऊ नका. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, तेव्हा भर दुपारीच जा. 'मी येईपर्यंत गाडी चालू करू नका,' असं मालकाला आधीच बजावा. गरम इंजिन बरीच दुखणी लपवतं. सात रस्त्याच्या गर्दीतून फिरवा, दहा मिनिटं बंद ठेवा आणि पुन्हा स्टार्टर मारा. कार्ब्युरेटरच्या (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना भाग) गाडीत पेट्रोलची वाफ पाइपात अडकली तर गाडी तिथेच हटून बसेल. टेम्परेचरच्या काट्यावर डोळा ठेवा.

मग पत्र्यावर चुंबक फिरवा. चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) थापलेली आहे. मॅट उचलून गंज बघा. पेट्रोलचे रबरी पाइप बदलायचेच हे धरून चाला, कारण आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी ते बनलेलेच नाहीत.

आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, 15 वर्षांनी संपते, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. आरसीवरचा चॅसी नंबर गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबराशी स्वतः ताडून पाहा.

कूपेत वॉरंटी आणि एअरबॅग मिळतात, पण बुकिंगआधी ती आपल्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून नेऊन बघा. मागच्या चिंचोळ्या सीटवर आई-आबांना बसवून गड्ड्याच्या यात्रेला नेणं तर विसराच! रोज वापरायची असेल तर माझं मत नव्या गाडीला. घरात दुसरी गाडी आणि ओळखीत कार्ब्युरेटर जाणणारा मिस्त्री असेल, तरच क्लासिक घ्या.