नांदूर मध्यमेश्वर: मनोऱ्यावर चढण्याआधी आणि चढल्यावर

नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाऊन ‘लांबवर काळे ठिपके दिसले’ एवढंच सांगत परतणारे पुष्कळ भेटतात. ठिपके म्हणजे पक्षीच असतात. ते ठिपके का राहिले, याची कारणं मात्र ठरलेली आहेत: उशिरा पोचणं, उन्हाच्या तोंडाला बसणं आणि पक्षी बघायच्या मनोऱ्यावर गलका. तिन्ही टाळता येतात.

जागा कशी आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे कुठे बघायचं ते कळेल. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी इंग्रजी अमलात दगडी बंधारा बांधला. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला. पाटबंधाऱ्याच्या हिशोबात हा तोटा, पण बदकांची त्यानेच चंगळ झाली. पाणी उथळ झालं, मधे बेटं वर आली, पाणगवत माजलं. डोकं पाण्यात आणि शेपूट वर करून चरणाऱ्या बदकांना मान पोचेल एवढंच खोल पाणी लागतं, आणि इथे ते दूरवर पसरलेलं मिळतं. 1986 साली हे अभयारण्य झालं आणि 2019 मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. महाराष्ट्रातली ही पहिली रामसर जागा.

पाण्याची पातळी मात्र पक्ष्यांच्या सोयीने ठरत नाही. वर गंगापूर, दारणा ही धरणं आहेत, बंधाऱ्यापासून दोन्ही बाजूंना कालवे निघतात आणि खाली जायकवाडी आहे. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी सोडलेलं पाणी, सुटलं की चार दिवसांत चित्र पालटतं. पातळी चढली की चिखलाची बेटं बुडतात, मग शेकाट्ये, तुतवार असे चिखलात चरणारे पक्षी काठाच्या शेतांकडे किंवा दुसऱ्याच पाणथळीवर सरकतात. पातळी उतरली की चिखल उघडा पडतो, ते परत येतात, आणि बदकं आत खोल धारेकडे जातात. म्हणून मागच्या रविवारी कुणाला काय दिसलं यावर जाऊ नका. प्रवेशद्वारावर पावती फाडताना ‘पाणी कसंय, आणि पक्षी कुठल्या बाजूला बसतायत?’ एवढं विचारा. स्थानिक गाईड मिळत असेल तर पहिल्या खेपेला तरी घ्याच. ती मुलं रोज तेच पाणी बघतात, आणि कुठल्या गवतात काय दडलंय हे त्यांना दुर्बिणीशिवाय कळतं.

महिना: स्थलांतरित पक्षी ऑक्टोबरपासून येऊ लागतात आणि मार्चपर्यंत पांगतात. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात गढूळ पाणी दुथडी वाहत असतं, आणि मोठा पूर असेल तर सायखेड्याचा पूलच बंद. तेव्हा जाण्यात अर्थ नाही.

नाशिकहून अंतर साधारण 40 किलोमीटर. छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने चांदोरी, तिथून उजवीकडे सायखेडा आणि पुढे खेड्यांचा रस्ता. नकाशात नुसतं ‘नांदूर’ टाकू नका: एक नांदूर नाशिक शहरातच आहे आणि एक नांदूर शिंगोटे सिन्नर तालुक्यात. ‘चापडगाव’ किंवा ‘खाणगाव थडी’ असं गाव टाका, कारण पक्षी बघायला लोक जातात ते तिथे. रेल्वेने आलात तर निफाड स्टेशन जवळचं, पण तिथून पुढे वाहन लागतंच आणि एसटीच्या वेळा सूर्योदयाला धरून नसतात. डिसेंबर-जानेवारीत सूर्य 7 च्या सुमारास उगवतो, तेव्हा नाशिक साडेपाचला सोडायला हवं. धुकं असेल तर पाऊण तास आणखी धरा. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही, तेव्हा सायखेड्यापुढे गाडी दामटू नका.

थंडीला हसू नका. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातमीत असतो तो उगीच नाही, आणि पाण्यावरची हवा त्याहून बोचरी. कानटोपी, बोटं मोकळी राहतील असे हातमोजे आणि थर्मासमध्ये चहा. कपडे मातकट किंवा शेवाळी रंगाचे. पांढरा शर्ट आणि लाल जॅकेट दोन्ही घरी ठेवा. खायला भाकरी-चटणी फडक्यात बांधून न्या. वेफर्सच्या पुडीचा चुरचुराट शांत पहाटे किती लांब जातो ते तिथे गेल्यावर कळतं.

दुर्बीण 8×42 घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि 42 मिलिमीटर भिंगाची. 10×42 मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण हातही तेवढाच थरथरतो आणि नजरेचा आवाका कमी होतो. नवख्याला उडता पक्षी त्यात सापडत नाही. मनोऱ्यावर जाण्याआधीच ती स्वतःच्या डोळ्यांना लावून घ्या. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेपर्यंत जुळवा. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने लांबची एखादी पाटी डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावा डोळा मिटा, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडीचा आकडा लक्षात ठेवा, यापुढे फक्त मधलं चाक फिरवायचं. चष्मा असेल तर डोळ्यांजवळच्या रबरी वाट्या खाली दाबा, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात. दुर्बीण इतरांच्या हातात गेली की कडी हलते, आणि मग ‘आज नीट दिसत नाहीये’ अशी तक्रार सुरू होते.

आता मनोरा कुठला? पाटीवरचं नाव बघून ठरवू नका, सावली बघा. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो आणि दिवसभर दक्षिणेकडून जातो. तुमची सावली पाण्याच्या दिशेने पडत असेल तर उजेड पाठीमागून येतोय आणि पक्ष्यांचे रंग दिसतील. सावली मागे पडत असेल तर समोर सगळं काळं, चकाकतं पाणी आणि मघाचे ते ठिपके. अशा वेळी हटून बसू नका, दुसरा मनोरा गाठा आणि उजेड फिरल्यावर परत या.

पायऱ्या एकेकाने, पाय न आपटता चढा. एका वेळी चार-पाच जण पुरेत. आत गेल्यावर झरोक्यातून हात किंवा लेन्स बाहेर काढून बोट दाखवू नका. पक्ष्याला कपड्यांच्या रंगापेक्षाही अचानक झालेली हालचाल आणि आभाळावर उमटलेली माणसाची आकृती जास्त खटकते. मनोऱ्याचा फायदाच हा की ती आकृती झाकली जाते, आणि नेमके इथेच लोक कठड्यावर चढून सेल्फी काढतात. काठावर उतरून ‘जरा जवळ’ जाणं तर त्याहून वाईट. शंभर पक्षी उठतात आणि तासभर त्या कोपऱ्यात परत बसत नाहीत.

पहिली दहा मिनिटं कॅमेरा बॅगेतच राहू द्या. नुसत्या डोळ्यांनी अंदाज घ्या, मग दुर्बिणीने डावीकडून उजवीकडे तीन पट्टे बघा: जवळचं गवत, मधलं पाणी, पलीकडचा काठ. बहुतेक जण थेट लांब बघतात आणि पायाशी बसलेला वंचक बगळा निसटतो.

सुरुवात वारकऱ्याने करा, तो हमखास असतो. अंगाने पुरता काळा, चोच पांढरी आणि तोच पांढरा रंग कपाळावर गंधासारखा वर चढलेला. नाव कुणी ठेवलं असेल, त्याला पैकीच्या पैकी. उडायचं झालं की तो पाण्यावर पाय आपटत लांबवर धावतो. दुसरं हळदी-कुंकू बदक: चोच काळी, तिच्या टोकाला हळदीचा पिवळा ठिपका आणि चोच कपाळाला मिळते तिथे कुंकवाची दोन बोटं. हे कुंकू उजेड पाठीमागे असेल तरच दिसतं, म्हणजे सावलीचा नियम पाळलात की नाही तेही कळतं.

बाकीच्या बदकांत आधी नर शोधा. माद्या जवळपास सगळ्याच तपकिरी ठिपक्यांच्या असतात आणि नवखा त्यांच्यातच अडकतो. तलवार बदकाच्या नराचं डोकं चॉकलेटी, मानेवरून त्याच्यावर चढत गेलेली पांढरी रेघ आणि सुईसारखी शेपूट. थापट्याची चोच फावड्यासारखी, ती पाण्याला चिकटवून तो पुढे सरकतो. भुवई बदकाला डोळ्यावरून मानेपर्यंत पांढरी भुवई. चक्रवाक नारिंगी, आणि जोडी बहुधा बरोबरच. नर ओळखला की शेजारची मादी चोचीच्या आकारावरून ताडता येते. लांब पायांच्या पक्ष्यांत चमच्या चोच पाण्यात घालून मान डावी-उजवीकडे फिरवत चरतो, शराटी मात्र चिखलात टोचत चालतो. एवढ्या लकबीवरून लांबूनही फरक कळतो. पाणवेलींचा पुंजका वाहत आला तर वैतागू नका, त्यावर जांभळी पाणकोंबडी असू शकते. पोपटासारखा देठ पायात धरून खाते.

मधेच सगळी बदकं एकदम उठली तर आजूबाजूच्यांवर डोळे वटारण्याआधी वर बघा. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पंख इंग्रजी व्हीसारखे धरून गवतावरून गेलेला असतो. दहा-पंधरा मिनिटं गप्प बसा, थवा पुन्हा उतरतो. तो उडालेला असतानाच मोजून घ्या: दहा पक्षी नीट मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यात धरा आणि तो तुकडा थव्यावर किती वेळा बसतो ते पाहा.

फोटो काढणाऱ्यांसाठी एकच. मनोऱ्याच्या फळीवर कुणी चाललं की ट्रायपॉड थरथरतो, म्हणून कठड्यावर तांदूळ भरलेली पिशवी टाकून लेन्स तिच्यावर टेकवा. ऊन तापलं की पाण्यावरची हवा नाचू लागते. मग कितीही महागडी लेन्स असो, लांबचा फोटो मऊच येतो आणि टेलिस्कोपमध्येही पक्षी वितळल्यासारखे दिसतात. दोष यंत्राचा नव्हे. पक्ष्यांचे आवाज मोबाईलवर वाजवणं आणि विनापरवानगी ड्रोन उडवणं, दोन्हीचं नावही काढू नका.

दहाच्या पुढे पाण्यावरून नजर काढा आणि वाटेवरच्या बाभळी बघत परत फिरा. दुसरी पाळी दुपारी चारपासून सूर्यास्तापर्यंत. वही तिथेच भरा: तारीख, वेळ, वारा, पक्षी आणि त्यांची संख्या. शेवटी पाण्याची पातळी एखाद्या ठरलेल्या खुणेवरून लिहा, उदाहरणार्थ समोरच्या वठलेल्या झाडाची कुठली फांदी पाण्याला टेकलीय. पुढच्या खेपेला मनोऱ्यावर चढताच आधी ती फांदी बघा.