कॉक्स-फोरचा बँड हरवतो कुठे? १७ किलोडाल्टनच्या प्रथिनाचा वेस्टर्न ब्लॉट

वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करतात, मेम्ब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर उतरवतात (हे ट्रान्सफर) आणि हवं ते प्रथिन अँटिबॉडीने शोधतात; ते पट्ट्यासारखं, म्हणजे बँड म्हणून दिसतं. बँड आला नाही की पहिला संशय अँटिबॉडीवर जातो. बहुतेक वेळा ती बिचारी निर्दोष असते. कॉक्स-फोर म्हणजे सायटोक्रोम सी ऑक्सिडेज या मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातल्या) एन्झाइमचं चौथं उपएकक, जेमतेम १७ किलोडाल्टनचं. ट्रान्सफर चालू असताना ते मेम्ब्रेनच्या आरपार निघून जातं. म्हणून खरी काळजी अँटिबॉडी घालण्याआधीच घ्यायची.

पेशी थंड पीबीएसने (क्षारयुक्त बफरने) धुवा. पेशी फोडणाऱ्या रिपा बफरमध्ये प्रोटिएज इन्हिबिटर (प्रथिनं तुटू न देणारं रसायन) ऐनवेळी मिसळा आणि पेशी त्यात बर्फावर ३० मिनिटं ठेवा. मग ४ अंश सेल्सिअसला १२,००० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पट) १५ मिनिटं फिरवून वरचा द्रव घ्या. बीसीए या रंगचाचणीने प्रथिन मोजून जेलच्या दर वेलमध्ये (खाचेत) १५ ते २० मायक्रोग्रॅम भरा. हृदयाच्या ऊतीचं त्याहून कमी पुरतं, तिथे मायटोकॉन्ड्रिया ठासून भरलेले असतात. नमुना ९५ अंशांवर ५ मिनिटं तापवला तरी कॉक्स-फोरला चालतं. त्याच ब्लॉटवर कॉक्स-वनही (त्याच एन्झाइमचं पहिलं उपएकक) पाहायचं असेल तर मात्र ५० अंशांच्या वर जाऊ नका, त्याच्या गुठळ्या होतात.

जेल १५ टक्क्यांचं घ्या. १० टक्क्यांच्या जेलमध्ये हा बँड निळ्या रंगाच्या रेषेला चिकटून पळतो.

आता ट्रान्सफर. मेम्ब्रेन ०.२ मायक्रॉन छिद्रांची पीव्हीडीएफ (एक प्लास्टिक) हवी, नेहमीची ०.४५ची नको. ती मिथेनॉलमध्ये ३० सेकंद भिजवा; कोरडा पांढरा ठिपका राहिला तर तिथे प्रथिन बसत नाही. बफरमध्ये २० टक्के मिथेनॉल असू द्या, एसडीएस (डिटर्जंट) नको. टाकीत बर्फाचा पॅक ठेवून १०० व्होल्टवर ६० मिनिटं पुरेत. शंका असेल तर मागे दुसरी मेम्ब्रेन लावा आणि दोन्हींवर पाँसो (प्रथिनं दाखवणारा लाल रंग) टाका. मागच्या मेम्ब्रेनवर खालचे बँड उमटले तर वेळ कमी करा. रंग दिसतोय तोवरच २५ किलोडाल्टनच्या खुणेवर मेम्ब्रेन कापा: वरचा तुकडा तुलनेच्या प्रथिनाला, म्हणजे अ‍ॅक्टिनला, खालचा कॉक्स-फोरला.

टीबीएसटी या धुण्याच्या बफरमध्ये ५ टक्के दूध पावडर घालून तासभर ब्लॉक करा, म्हणजे मेम्ब्रेनची मोकळी जागा झाका. प्रायमरी (कॉक्स-फोर ओळखणारी अँटिबॉडी) १:१००० पासून सुरू करा, ४ अंशांवर रात्रभर. दहा-दहा मिनिटांचे तीन वॉश, एचआरपी हे एन्झाइम लावलेली सेकंडरी (प्रायमरीला चिकटणारी अँटिबॉडी) १:५००० तासभर, पुन्हा तीन वॉश, मग ईसीएल (एचआरपीमुळे प्रकाश देणारं द्रावण). सेकंडरीच्या बफरमध्ये सोडियम अझाइड चुकूनही नको, ते एचआरपी निकामी करतं. बँड मधोमध पांढरा पडला तर सिग्नल कमी नाही, जास्त आहे. सेकंडरी पातळ करा. उंदराच्या ऊतीवर उंदराचीच अँटिबॉडी वापरली तर २५ किलोडाल्टनजवळ ऊतीतल्या अँटिबॉडीची लाइट चेन (तिचा छोटा भाग) दिसते. सशाची घेतली की प्रश्न मिटतो. फुप्फुसाच्या नमुन्यात कॉक्स-फोरचा दुसरा प्रकार, आयसोफॉर्म २ही असतो, तेव्हा अँटिबॉडी कोणता ओळखते ते डेटाशीटमध्ये पाहून घ्या.

अँटिबॉडी ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असेल तर ती उणे २० अंशांना गोठत नाही. तिचे छोटे भाग करत बसू नका आणि उणे ८०मध्येही टाकू नका.

कॉक्स-फोरला सरसकट लोडिंग कंट्रोल (दर वेलमध्ये सारखंच प्रथिन भरलं याची खूण) मानायची सवय मात्र घातक. औषधाने मायटोकॉन्ड्रियाची संख्याच बदलत असेल तर हा बँडही बदलणार. तिथे एकूण प्रथिनाचा रंगच बरा. पेशीचे भाग (फ्रॅक्शन) वेगळे केले असतील आणि सायटोसॉलच्या (पेशीतल्या द्रवाच्या) वेलमध्ये बँड दिसला, तर तो द्रव १०,००० जीवर १० मिनिटं पुन्हा फिरवा. मायटोकॉन्ड्रिया पूर्ण खाली बसलेले नसतात.