अंगोरा सशांचा उन्हाळा : होळीआधी लोकर उतरवा

हरभरा निघाला, ज्वारीची काढणी आटोपत आली की मराठवाड्यात उन्हाची धग सुरू होते. ज्यांच्याकडे लोकरीचे अंगोरा ससे आहेत त्यांनी आता बाकीची कामं बाजूला ठेवून आधी कात्रीला धार लावावी. हा जीव थंड हवेचा. आपल्या देशात त्याच्यावरचं संशोधन कुल्लू जिल्ह्यातल्या गडसा इथे झालं, केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेच्या केंद्रावर. तिथली हवा आणि परभणी-नांदेडची हवा यांचा मेळच नाही. अंगोराला पंधरा-वीस अंशांच्या आसपास बरं वाटतं, तीस अंशांच्या वर त्याचं खाणं कमी होतं आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर जातो.

म्हणून स्पष्टच सांगतो, मराठवाड्यात शंभर-दोनशे अंगोरांचं शेड टाकायच्या भानगडीत पडू नका. घरात थंड खोली असेल आणि रोज दुपारी कुणीतरी लक्ष देणारं असेल, तर आठ-दहा ससे नीट सांभाळता येतात. पुढचा सल्ला त्यांच्यासाठीच आहे.

सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. अंगावर अडीच-तीन महिन्यांची लोकर तशीच राहिली, तर भर वैशाखात गोधडी पांघरून बसवल्यासारखी त्याची गत होते. एरवी लोकर 75 ते 90 दिवसांनी कापतात. हिशेब असा बसवा की एक कातरणी महाशिवरात्र ते होळी या दरम्यान पडेल. त्यानंतरच्या कातरणीला पूर्ण लांबीची वाट पाहू नका, दोन महिन्यांतच कात्री लावा. लोकर आखूड म्हणून प्रत खाली येईल, पण ससा हाती राहील.

कातरणी सकाळी लवकर करावी. पाठीवर मधोमध भांग पाडा, कंगव्याने दोन्ही बाजूंची लोकर मोकळी करा आणि मणक्यापासून एकेक ओळ घेत खाली पोटाकडे या. डाव्या हाताने कातडी ताणून धरा. लोकर वर ओढली की पातळ कातडीही तिच्याबरोबर उचलली जाते आणि कात्रीत सापडते. नवख्याच्या हातून होणाऱ्या बहुतेक जखमा अशाच होतात. मादीची आचळं लोकरीत दिसत नाहीत, पोटाला कात्री लावण्याआधी ती बोटांनी चाचपून घ्या. एकदा कापलेल्या जागेवर सफाईसाठी पुन्हा कात्री फिरवू नका, कारण ते बारीक तुकडे चांगल्या लोकरीत मिसळले की सगळ्याचाच दर पडतो. सहा सेंटीमीटरच्या वरची स्वच्छ लोकर वेगळी, आखूड वेगळी, लघवीने पिवळी पडलेली आणि गुठळ्या झालेली तिसऱ्या पिशवीत. दाबून भरू नका, कोरड्या जागी ठेवा. फेब्रुवारीत पहाटे अजून गारवा असतो, म्हणून कातरल्यावर दोन-तीन रात्री वारा लागणार नाही असं बघा आणि खुराक थोडा वाढवा.

जागेचं म्हणाल तर आपल्या गावांतली माळवदाची जुनी घरं यासाठी सगळ्यात चांगली. जाड भिंती आणि वर मातीचा थर, त्यामुळे दुपारी आतली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच कमी तापते. अनेकांनी ती पाडून पत्रे टाकले, आता त्याला इलाज नाही. पत्र्याचं शेड असेल तर वर उसाचं पाचट किंवा तुरीच्या काड्या जाड पसरा, पश्चिमेला ओलं बारदान लावा, पण ते पिंजऱ्याला टेकू देऊ नका. भिजलेली लोकर गुठळते आणि आत कातडी सडते. सशाला अंघोळ घालण्याचा उद्योगही त्याच कारणाने नको. कोरड्या हवेत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, पाण्याचा कूलर छान काम करतो. रोहिणीत हवेत दमटपणा आला की त्याचा फायदा राहत नाही, तेव्हा नुसता पंखा आणि खिडक्या उघड्या. लाईट कधी जाईल याचा भरवसा नसल्याने प्लास्टिकच्या बाटल्यांत पाणी गोठवून ठेवा. दुपारी पिंजऱ्यात एक ठेवली की ससा आपणहून तिला टेकून बसतो.

निपलने, म्हणजे सशाने तोंड लावलं की पाणी सोडणाऱ्या टोकाने, पाणी देत असाल तर दुपारी दोन वाजता निपल दाबून पाणी हातावर घेऊन बघा. गच्चीवरच्या टाकीतून आलेलं पाणी चटका देतं, ससा तोंड लावून मागे सरतो आणि आपण समजतो की पाणी आहे. शिवाय बोअरच्या क्षारांनी निपलच्या टोकाला पांढरा थर चढून ते अडकतं. उन्हाळ्यात मातीचं जड भांडं बरं, दिवसातून तीनदा पाणी बदला.

नाकपुड्या जोरात हलणं, कान लालभडक आणि गरम, अंग पसरून पडणं ही ऊन लागल्याची लक्षणं. ससा नाकाने श्वास घेणारा प्राणी आहे, तो तोंड उघडून धापा टाकू लागला म्हणजे वेळ फार थोडा उरला. सावलीत घ्या, कानांना साध्या गार पाण्याचा हात लावत राहा, पंखा लावा आणि पशुवैद्यकाला बोलवा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

खुराक संध्याकाळी ऊन उतरल्यावर द्या, मोठ्या सशाला साधारण दीडशे ग्रॅम. मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, पेंड आणि क्षार मिश्रण. लातूरकडे सोयाबीन पेंड सहज मिळते, ती उत्तम. पण कच्चं सोयाबीन भरडून घालू नका. शेंगदाणा पेंडीला बुरशीचा वास आला तर ती उकिरड्यावर टाका. लसूणघास, हादगा चालतो. सुबाभूळ मात्र लोकरीच्या सशाला नकोच, तिच्यातल्या मिमोसिन या विषारी द्रव्यामुळे केस गळतात. ज्वारी निघाल्यावर धसकटाला येणारे हिरवे फुटवेही टाळा, त्यांत गुरांना मारणारं सायनाइडचं विष असतं. टरबुजाच्या किंवा भाजीच्या फवारलेल्या बांधावरचं गवत आणू नका. आठवड्यातून एक दिवस खुराक बंद ठेवून फक्त मारवेल, पवन्यासारखं वाळलेलं गवत द्या. अंग चाटताना पोटात गेलेले केस त्याने पुढे सरकतात. लेंड्या बारीक होऊन केसाने एकमेकींना जोडलेल्या दिसल्या, तर केस पोटात साचू लागले असं समजा आणि लगेच वाळलेलं गवत वाढवा.

उन्हाळ्यात शेपटीभोवतीची लोकर आखूड ठेवा, नाहीतर ओल्या जागी माशी अंडी घालते आणि अळ्या पडतात. कानात खपल्या म्हणजे खरूज, तिचं इंजेक्शन पशुवैद्यकाकडूनच घ्या. कुत्र्याच्या गोचिडांवरचं फिप्रोनिल हे औषध सशाला विषारी आहे. घरात उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्याही पाजू नका, आतड्यातले उपयोगी जंतू मरून ससा जुलाबाने जातो. शंका असेल तर परभणी किंवा उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच.

नवीन ससे घेणाऱ्यांनी आधी गिऱ्हाईक शोधावं. आपल्याकडे घोंगडीसाठी मेंढीची जाड लोकर घेणारे भेटतील, पण अंगोराची लोकर कातणारे बहुतेक हिमाचल-उत्तराखंडात. एका सशापासून वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो धरा, आपल्या उन्हात त्याहून कमी. "पिल्लं आमच्याकडून घ्या, लोकर आम्हीच परत घेऊ" असं कुणी म्हणत असेल तर इमू पक्ष्यांचा आणि 2019 चा कडकनाथ कोंबड्यांचा घोटाळा आठवा.

पैदाशीचं वेळापत्रक उन्हावर बेतायचं. मादी 30 ते 32 दिवसांत विते, म्हणजे मार्चमध्ये नर दाखवला तर पिल्लं एप्रिलच्या भट्टीत येतात. आता थांबा. मृगाचा पाऊस पडून हवा गार झाली तरी लगेच घाई नको, कारण उन्हाने बिघडलेलं नराचं बीज सुधारायला दीड-दोन महिने लागतात. जूनमध्ये नर दाखवून मादी रिकामी राहिली की लोक मादीलाच दोष देतात. ऑगस्टमध्ये, सकाळच्या गारव्यात, मादीला नराच्या पिंजऱ्यात न्या आणि बारा-चौदा दिवसांनी पोट हळूच चाचपून गाभण आहे का ते बघा.